फळीला बांधलेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो. तिजोरीची नाही, राजवाड्याची नाही. शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या बायकांच्या संडासाची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे तशी सोय फारशी नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका यंत्राने मला पितळेच्या पट्टीतून कापलं आणि दुसऱ्याने माझे दात काढले. तुम्हाला दात यायला महिने लागतात, मला चार सेकंद लागले. मग माझी गाठ एका कुलपाशी घालून देण्यात आली. स्वभावाने ते अबोल होतं. तेलाच्या वासात, पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्ही दोघं दुकानात बसून राहिलो. शेजारची एक थोराड किल्ली मला म्हणायची, "किल्लीचं काम उघडायचं असतं, पोरी. कुलूप बंद करतं, आपण उघडतो. आपलं नाव चांगलं आहे." मी तिच्यावर विश्वास ठेवला. माझी पहिली फसवणूक ती.

कारखान्यात आले तेव्हा मला मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीमागे, खिळ्यावर जागा मिळाली. पहिल्या महिन्यात मी दोनदा हरवले. दोन्ही वेळा सापडले ते मॅनेजरच्याच खिशात, पण दोष बायकांवर आला. म्हणून कापड कापणाऱ्या कटिंग मास्तरांनी एका मोडक्या टेबलाची फळी कापली, भोक पाडलं आणि मला तिला बांधून टाकलं. फळी चांगली हातभर लांब होती. तिच्यावर लाल रंगाने ठळक अक्षरांत लिहिलं, 'महिला'.

आता विचार करा. लांबलचक हॉल, एका बाजूला बायकांच्या चाळीस मशिनी, दुसऱ्या बाजूला इस्त्रीची आणि कटिंगची टेबलं, तिथे सगळे पुरुष. ज्या बाईला जायचं असेल तिने उठायचं, मॅनेजरसमोर उभं राहायचं, फळी मागायची, आणि ती फळी हातात धरून अख्ख्या हॉलमधून पलीकडच्या दारापर्यंत चालत जायचं. जणू एखाद्या देशाचा ध्वज घेऊन संचलन चाललंय. इस्त्रीवाल्यांपैकी एक जण तर दर वेळी उभा राहून सलामी ठोकायचा. तो स्वतःला विनोदी समजत असे. अशा माणसांचं तेवढंच दुखणं असतं.

त्या दिवसांत मला एक आशा होती. पुरुषांच्या दाराचीही एक किल्ली असणार, तिलाही एखादी फळी असणार, आणि ती नात्याने माझा भाऊच लागणार. खिळ्यावरून मी त्याची पुष्कळ वाट पाहिली. एक दिवस कटिंग मास्तर उठले, पुरुषांच्या दाराशी गेले, दार ढकललं आणि आत गेले. बस्स. मला भाऊ नव्हता. त्या दाराला कुलूपच नव्हतं.

आता दोघींबद्दल सांगते. एकाच घरात दिलेल्या जावा. थोरली कॉलर लावायची, धाकटी काज करायची. थोरलीचा आवाज असा की मशिनी चालू असतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. धाकटीचा आवाज कमी, पण अक्षर छापल्यासारखं. थोरलीने तिला या नोकरीवर आणलं होतं. रोज सकाळी दोघी एकाच छत्रीतून यायच्या, पाऊस असो वा ऊन, कारण घरात छत्री एकच होती.

कारखान्यात शर्ट एकीकडून दुसरीकडे सरकत जातो. एकीने कॉलर लावायची, दुसरीने बाही, तिसरीने काज. मधली एक उठली की तिच्यापुढे शर्टांचा ढीग होतो आणि तिच्या पुढची हातावर हात ठेवून बसते. मग मॅनेजर येतो आणि ढिगाकडे असं बघतो, की ढीगसुद्धा ओशाळावा. म्हणून बायकांनी उपाय शोधला होता. त्या पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरून भरून आणलेल्या बाटल्या संध्याकाळी तशाच भरलेल्या परत जायच्या. बाटल्यांनी फार प्रवास केला.

धाकटीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा सगळ्यांनी हवेला दोष दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा थोरली तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते थोरलीने दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून, म्हणजे जवळजवळ माझ्या कानात, सांगितलं.

"डॉक्टर म्हणतात, लघवी दाबून ठेवते म्हणून झालंय! औषधाआधी पाणी प्या म्हणतात, आणि वेळेवर जाऊन या म्हणतात. कसं जायचं? ही फळी नाचवत?"

"बाई, आवाज खाली," मॅनेजर म्हणाले. "हा नाजूक विषय आहे."

"नाजूक असता तर एवढी मोठी फळी लावली नसती तुम्ही."

मित्रांनो, मी पितळेची आहे. तरी त्या दिवशी मला अंगावर काटा आल्यासारखं झालं. माझ्या बाजूने कुणीतरी बोललं होतं. म्हणजे माझ्या विरुद्ध बोललं होतं, पण माझ्या बाजूने.

मॅनेजरांनी लगेच महिला कल्याण समिती नेमली. समितीत सात जण होते, सातही पुरुष. एखादी बाई का नाही, असं थोरलीने विचारलं. त्यावर उत्तर मिळालं, की बाईला बैठकीला यायचं तर काम सोडून उठावं लागेल, आणि बायका काम सोडून उठतात हाच तर मुळात प्रश्न आहे. समितीच्या खोलीत पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवलं होतं. फळीवरचं धरलं तर त्या खोलीत महिला मी एकटीच होते. मला कुणी काही विचारलं नाही.

समिती म्हणाली, गरज असेल तर ती दाखवा. आकडे आणा.

थोरली म्हणाली, "आणते!"

आणि इथे, मित्रांनो, बायकांनी ती चूक केली जी फक्त सरळ माणसं करतात. त्यांनी स्वतःहून वही घातली. धाकटीने पट्टीने रेघा मारल्या, सुंदर अक्षरात रकाने पाडले: नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण. थोरलीने रांगेरांगेत जाऊन सांगितलं, "बायांनो, खोटं लिहायचं नाही. एक मिनिटसुद्धा लपवायचं नाही. त्यांना कळू दे आपल्याला किती लागतं ते."

बायकांनी खरं लिहिलं. कारणाच्या रकान्यात पहिलीने लिहिलं, 'घाई'. दुसरीने लिहिलं, 'तेच'. तिसरीने, 'वरीलप्रमाणे'. बाही लावणाऱ्या एका वयस्कर काकूंनी 'हवापालट' असं लिहिलं आणि त्यावर ठाम राहिल्या. कुणीतरी 'समितीच्या आईला विचारा' असंही लिहिलं होतं, ते धाकटीने पांढऱ्या शाईने खोडलं. तीन महिने वही भरत राहिली. मी रोज खिळ्यावरून तिच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, ही शिकलेली बहीण आहे, ही आपल्याला सोडवणार.

समितीने वही वाचली. फार आवडली त्यांना. इतकी स्वच्छ नोंद कारखान्यात दुसरी नव्हती म्हणे. त्यावरून त्यांनी हिशेब काढला, की एक बाई दिवसाला सरासरी चौदा मिनिटं कामावर नसते. सबब त्या वर्षी पुरुषांना पगारवाढ पूर्ण आणि बायकांना निम्मी.

"आणि पुरुषांची मिनिटं किती?" थोरलीने विचारलं.

समितीने वही उलटसुलट करून पाहिली. पुरुषांची नोंद नव्हती. नोंद नाही, म्हणजे मिनिटं नाहीत. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. फक्त इथे पानं बायकांनीच आखून दिली होती.

धाकटी मशीनवर बसून रडली. आपल्या अक्षराचा तिला पहिल्यांदाच राग आला असावा. थोरली रडली नाही. ती तडक मॅनेजरच्या खोलीत गेली, दार लावलं आणि अर्धा तास बोलली. बाहेर चाळीस मशिनी थांबल्या होत्या. आत मी होते, म्हणून काय झालं ते मला माहीत आहे.

मॅनेजरांनी तिला बसायला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत त्या खोलीत बसलेली ती पहिली कामगार. चहा मागवला. म्हणाले, "तुमच्यासारखीच बाई मला वर हवी आहे. सुपरवायझर व्हा. या कारखान्यातली पहिली बाई. किल्ली तुमच्याकडे, मी मध्ये नाही. फक्त शर्ट कमी पडता कामा नयेत. आणि तो वाढीचा विषय जरा पुढच्या वर्षी बघू."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, ती मला बघतेय. ती खुर्चीत बसून कसं दिसतं ते बघत होती.

ती बाहेर आली ती सुपरवायझरचा निळा कोट घालून. सगळ्यांसमोर तिने कात्री घेतली, दोरी कापली आणि फळी कोपऱ्यात भिरकावली. मला तिने एका नाडीत ओवून गळ्यात घातलं. काय टाळ्या पडल्या! हवापालटवाल्या काकूंनी तर शिट्टी वाजवली. सगळ्यांत जोरात टाळ्या धाकटीने वाजवल्या. मीही थोडीशी खणखणले, खोटं कशाला बोलू.

पहिला आठवडा सुखाचा गेला. मागितलं की थोरली मला काढून द्यायची. दुसऱ्या आठवड्यात तीस शर्ट कमी पडले. मॅनेजर तिच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई आहात म्हणून बायकांना सवलत देता, असं लोक म्हणतील हं." लोक म्हणजे ते स्वतःच. तिसऱ्या आठवड्यात थोरलीने खणातून वही काढली.

धाकटी आली. "ताई, किल्ली."

"कारण?"

धाकटी हसली. तिला थट्टाच वाटली. "अहो ताई, सकाळी घरी एकाच न्हाणीघरापुढे आपण दोघी ताटकळलो होतो. आणि कारण काय विचारताय?"

"इथे मी ताई नाही. वेळ सांग."

"मग घरी काय म्हणू? सुपरवायझरबाई, जरा मीठ सरकवा?"

जवळच्या मशिनी हसल्या. थोरलीच्या गळ्यापाशी एक शीर उडायला लागली, अगदी माझ्या शेजारी.

"हसून घे," ती म्हणाली. "आज तुझं दोनदा झालंय. आता जेवणाच्या सुट्टीत जा."

जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, बायका चाळीस आणि दार एक. धाकटी परत जाऊन बसली. बाटली तिने पायाने मशीनखाली सरकवली.

मित्रांनो, मॅनेजरने नाही म्हटलं की माणसाला राग येतो. पण जी तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेली, जिने तुमच्यासाठी टेबलावर हात आपटला, तिनेच नाही म्हटलं, तर राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात त्याला. आणि तो गळा कापला जात असताना मी दुसऱ्या गळ्यात शोभून दिसत होते.

दोन महिन्यांनी धाकटीला थंडी वाजून ताप भरला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी थोरलीला नाही, धाकटीलाच समोर बसवून सांगितलं, की दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलंय. पुन्हा असं झालं तर एक निकामी होईल. धाकटी आठ दिवस झोपून होती. उठली ती कागद घेऊन बसली. त्याच सुंदर अक्षरात तिने कामगार कार्यालयाला अर्ज लिहिला: दाराला कुलूप आहे, किल्ली मागावी लागते, कारण लिहावं लागतं, आणि त्यावरून पगारवाढ कापली जाते. खाली अडतीस सह्या होत्या. थोरलीची नव्हती, आणि हवापालटवाल्या काकूंनी चुकून दोनदा केली होती.

निरीक्षकबाई येणार असं कळलं तशी कारखान्याची पाचावर धारण बसली. सकाळी सकाळी बायकांच्या दाराला हिरवा रंग मारला. घाईत रंगाऱ्याने कुलपालाही मारला. मॅनेजरांनी थोरलीला सांगितलं, "कुलूप काढून टाका, वही जाळा, किल्ली दिसता कामा नये." थोरलीने मला कोटाच्या आत टाकलं. कुलूप काढलं, आत फिनेल टाकलं, फुलदाणी ठेवली, बाहेर आली, आणि सवयीने कुलूप लावून टाकलं. तिच्या हातांना तेवढंच येत होतं आता.

निरीक्षकबाई भल्या होत्या. दमलेल्या होत्या, तो त्यांचा दिवसातला तिसरा कारखाना होता. त्या थेट दाराशी आल्या.

"हे कुलूप?"

"ते शोभेचं आहे, मॅडम," मॅनेजर म्हणाले.

"शोभेचं?"

"दाराच्या रंगाशी जुळतं ना."

निरीक्षकबाई थोरलीकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही यांच्यातल्याच. इथे बायकांना किल्ली मागावी लागते का?"

हॉलमधली एकही मशीन चालू नव्हती. मी कोटाच्या आत, तिच्या काळजाला चिकटून होते. ते असं धडधडत होतं, की मला वाटलं आता मी वाजणार, आणि सगळ्यांना ऐकू जाणार. पितळेला घाम येत नाही, पण मी ओली झाले होते. धाकटी तिच्याकडे बघत होती. रागाने नाही हो. आशेने. अजूनही.

थोरली म्हणाली, "नाही."

आणि वर, "किल्ली म्हणून इथे काही नाहीच."

इतकी वर्षं मी फळीला बांधली गेले, सलामी सोसली, खिशात हरवले. पण मी नाहीच, असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तेही मला छातीशी धरून.

"बरं," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मग उघडा. पाहते. आणि मलाही जायचंय."

"शोभेच्या कुलपाला किल्ली नसते, मॅडम," मॅनेजर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. "तुम्ही माझ्या केबिनमधलं वापरा ना."

केबिनमधल्या संडासात आरसा होता, मऊ टॉवेल होता, वासाचा साबण होता. बाई गेल्या, दहा मिनिटांनी ताज्यातवान्या होऊन आल्या आणि उभ्या उभ्या अहवालात लिहिलं: स्वच्छतागृह, उत्तम. मग चौथ्या कारखान्याकडे निघाल्या. मला त्यांचा रागही धड करता आला नाही. घाई काय असते ते मला माहीत आहे.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर धाकटी उठली. तिने मशीनच्या खणातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. सुया बदलायला प्रत्येकीकडे असतो तो. ती थोरलीसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, टोचली नाही का हो आतून?"

"तुला नाही कळायचं," थोरली म्हणाली. "मी या खुर्चीवर आहे म्हणून निदान मागायला एक बाई तरी आहे. मी गेले तर पुन्हा तो खिळा आणि ती फळी."

"मागायला बाई कुणाला हवी होती? मागावंच लागू नये, एवढंच म्हणत होतो आपण. तुम्हीच शिकवलं होतंत."

ती दाराशी गेली. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, तिने कोयंड्याचे स्क्रू काढायला घेतले. ओला रंग तिच्या बोटांना लागत होता. सलामीवाला इस्त्रीवाला इस्त्री उचलून तसाच उभा राहिला. त्याला विनोद सुचला नाही. कुलूप कोयंड्यासकट फरशीवर पडलं, तेव्हा त्या अबोल प्राण्याने आयुष्यात पहिल्यांदा आवाज केला. धाकटी दार ढकलून आत गेली. बाहेर आली. हात धुतले.

"मला हे लिहून द्यावं लागेल," थोरली म्हणाली.

"द्या. तुमचं अक्षर लागत नाही, पण त्यांना लागेल."

थोरलीने लिहून दिलं. कारखान्याच्या मालमत्तेची मोडतोड. त्याच संध्याकाळी धाकटीला कामावरून काढलं. छत्री तिने थोरलीसाठी ठेवली आणि ती तशीच निघून गेली.

तुम्ही म्हणाल, नवा कोयंडा बसवला असेल. नाही. कोयंडा महिलांच्या दाराचा, म्हणून विषय महिला कल्याण समितीकडे गेला. सात जणांचं अजून एकमत होत नाही. तिघांना डावीकडून हवाय, तिघांना उजवीकडून, आणि सातवे अध्यक्ष आहेत, ते मत देत नाहीत. दार उघडंच आहे. बायका जातात, येतात. मशीनखालच्या बाटल्या आता संध्याकाळी रिकाम्या घरी जातात. शर्ट कमी पडलेले नाहीत. हे सगळ्यांना दिसतं आणि कुणीच बोलत नाही, कारण बोललं तर समितीचं एकमत होईल. पगारवाढ मात्र अजून निम्मीच आहे. त्याला कोयंडा नसतो.

ज्या बाईने हे दार उघडलं, तिलाच ते वापरता येत नाही. तिला अजून दुसरीकडे काम मिळालेलं नाही. प्रत्येक मुलाखतीत ती पहिल्यांदा दाराचं विचारते, आणि लोक म्हणतात, कळवतो. अडतीस सह्यांपैकी एकीनेही तिला परत घ्या असा दुसरा अर्ज केला नाही. मी वाट पाहिली. घरी दोघी जावा एकाच ओट्यापाशी पाठीला पाठ लावून उभ्या असतात म्हणे.

आणि मी? कुलूप भंगारात गेलं, तरी थोरली मला रोज सकाळी गळ्यात घालते. मी काहीच उघडत नाही. दिवसातून तीनदा ती त्या हिरव्या दारापाशी जाते, इकडेतिकडे बघते, दार ढकलते आणि आत जाते. कुणाला न विचारता. तेव्हा तिचा हात माझ्यावर येतो आणि मला मुठीत गच्च धरून ठेवतो. का, ते तिने मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. कारण विचारण्याचा मला आता वीट आला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे नेहमी काहीबाही मागतात. तेल घाला म्हणतात, पुसून ठेवा म्हणतात, अडगळीत टाकू नका म्हणतात. मला यातलं काही नको. मला अडगळीतच टाका, वितळवून टाका, माझ्या पितळेची एखादी घंटा करा. फक्त तुम्ही जिथे जाल, शाळेत, दुकानात, कचेरीत, तिथे एकदा बघून घ्या, की कुठलं दार कुणाला नुसतं ढकलता येतं आणि कुणाला मागून घ्यावं लागतं. आणि कधी एखादी किल्ली तुमच्याच गळ्यात घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बसायला खुर्ची दिली, तर त्या टाळ्या थांबायच्या आत उठा आणि कोयंड्याचे स्क्रू काढा. चारच असतात.